हृदयविकार : बांबोळीची वाट आणि गावातली गोळी

गोवा शासनाने जानेवारी 2018 पासून बांबोळीच्या रुग्णालयात राज्याबाहेरील रुग्णांना शुल्क आकारण्यास प्रारंभ केला, तेव्हा सिंधुदुर्गात उमटलेला क्षोभ स्वाभाविक होता. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाच्या छातीत कळ आली की गाडी दक्षिणेकडे वळते, ही येथील जुनी रीत. ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय आले, तरी ती पुरती मोडलेली नाही. परंतु शुल्काच्या त्या वादात मूळ प्रश्न मागे पडला : एवढी माणसे या वाटेला लागतातच का?

रक्तातील मेद लायपोप्रोटीनच्या कणांतून वाहिला जातो. त्यांपैकी एलडीएलचे कण धमनीच्या भिंतीत रुततात. त्यांना गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी धावतात, तेथे दाह सुरू होतो आणि मेदाचा थर साचतो. हा थर एके दिवशी फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते, तोच झटका. तंबाखू, मधुमेह व रक्तदाब या आगीत तेल ओततात. आपल्या मासळीला दोष नाही. मात्र खोबरेल तेलाचा सढळ वापर एलडीएल वाढवतो, हे कटू असले तरी मान्य केले पाहिजे.

दाह हा केवळ साक्षीदार नव्हे, हे 2017 च्या कँटोस प्रयोगाने दाखविले. एलडीएल न घटविता केवळ दाह शमविणाऱ्या औषधाने झटके सुमारे 15 टक्क्यांनी घटले. पण ते औषध अतिशय महाग, शिवाय त्याने जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. उलट, एलडीएल घटविणाऱ्या स्टॅटिनने हृदयरुग्णांचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतात, हे 1994 मध्येच सिद्ध झाले. आणि ती गोळी आज दिवसाला काही रुपयांत मिळते.

येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला बोलणे भाग आहे. शासनाने 2017 मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. रुग्णालयातील उपचारांसाठी विमा योजनाही आहे. म्हणजे झटका आल्यावर तिजोरी उघडते. मात्र तिशीपुढील नागरिकांच्या राष्ट्रीय तपासणीत रक्तदाब व साखर आहे, एलडीएल नाही. ज्या खलाशाचे घर रोजच्या मासळीवर चालते, त्याचा झटका म्हणजे सबंध कुटुंबाचे दिवाळे.

म्हणून मागणी साधी आहे : प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एलडीएलची तपासणी व्हावी आणि गरजूला डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी अखंड मिळावी. बांबोळीची वाट खुली राहिलीच पाहिजे. पण तिच्यावरची गर्दी कमी करणे, हे आपल्याच हाती आहे.