सफरचंदाचा सिरका आणि रानातली फळे



विश्रांतवाडीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घर आता पुणे शहरात गेले, पण सासवडकडे अजून थोडे रान आहे. त्यात अंजिराची बाग आहे आणि बांधावर जांभळाची दोन झाडे. पुतण्या इंग्लंडहून शिकून आला. तिकडे सफरचंदाचा रस आंबवून ‘सायडर’ नावाचे पेय घरी करतात व त्यात निरनिराळ्या फळांचा स्वाद घालतात. आपणही मार्केट यार्डातून सफरचंदे आणून त्यात आपली फळे घालू, असे तो म्हणतो. “हे करावे का? आणि फळ नेमके केव्हा घालावे?” असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टच देतो. सायडर घरी करू नये. त्यात साधारण ५ ते ६ टक्के मद्यार्क असतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे विनापरवाना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. “विकत नाही, घरीच पितो” ही सबब तेथे चालत नाही. पुणे जिल्ह्यातच पिंपळे जगताप येथे मधापासून असे फळांच्या स्वादाचे पेय बनते, पण ते परवाना घेऊन.

दुसरा धोका बाटलीचा. यीस्ट रसातली साखर खाते आणि मद्यार्काबरोबर कर्बवायू सोडते. आंबणे थांबले असे समजून वरून गोड फळ घातले, की यीस्टला नवी साखर मिळते. बूच घट्ट असेल तर वायूच्या दाबाने बाटली फुटते आणि काचा घरभर उडतात. ज्या घरात लेकरे आहेत, तेथे हा खेळ नको.

मात्र फळ केव्हा घालावे, हा प्रश्न फार चांगला आहे. रस आंबत असताना फळ घातले, तर त्याची साखर यीस्ट खाते, सुगंध वायूबरोबर उडून जातो आणि मागे आंबटपणा व तुरटपणा तेवढा उरतो. आंबणे संपल्यावर घातलेल्या फळाचा वास टिकतो. हेच तत्त्व सिरक्याला, म्हणजे व्हिनेगरला, लावता येते. सायडरच्या पुढची पायरी म्हणजे सिरका. जिवाणू मद्यार्काचे आम्ल करतात, आणि त्या आम्लात यीस्टचे फारसे चालत नाही. म्हणून तयार सिरक्यात फळ मुरवणे कायद्याला धरून आहे आणि घरात करण्याजोगे आहे.

कृती अशी. बाजारातून सफरचंदाचा सिरका १ लिटर आणावा. बाटलीवर आम्लता ५ टक्के लिहिलेली पाहावी. ‘सिंथेटिक’ लिहिलेला पांढरा सिरका घेऊ नये, त्याला फळाचा स्वाद नसतो. पिकलेली फळे अर्धा किलो घ्यावीत. झाडाखाली पडून मऊ झालेले जांभूळ किंवा पावसाने तडकलेले ताजे अंजीर, जे बाजारात जात नाही, ते येथे चालते. मात्र बुरशी आलेले, किडलेले किंवा आंबूस वास येणारे एकही फळ घालू नये.

जांभळाची बी काढून टाकावी, ती ठेचू नये. नाहीतर तुरटपणा फार येतो. साल ठेवावी, रंग सालीतच असतो. अंजिराचे चार तुकडे करावेत. त्याचा वास मंद असतो, म्हणून आल्याच्या चार चकत्या सोबत घालाव्यात. करवंदेही अशीच चालतात. फळे काचेच्या बरणीत घालून वर सिरका ओतावा. फळ पूर्ण बुडाले पाहिजे. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम यांचे भांडे वापरू नये, आम्लाने धातू उतरतो. बरणी अंधाऱ्या थंड जागी, शक्य तर फ्रिजमध्ये ठेवावी. जांभूळ ४ दिवसांत उतरते, अंजिराला आठवडा लागतो.

नंतर स्वच्छ मलमलीतून गाळावे. स्टीलच्या पातेल्यात ८०० ग्रॅम साखर घालून ती विरघळेपर्यंतच गरम करावे; खळखळ उकळले तर सुगंध जातो. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे व दोन महिन्यांत संपवावे. बाटलीत बुडबुडे किंवा वर साय दिसली, तर चाखून न पाहता ओतून द्यावे.

पिताना एक भाग पाकाला सहा भाग गार पाणी आणि चिमूटभर काळे मीठ. नुसता पाक पिऊ नये. पोटात जळजळ असणाऱ्यांनी व मधुमेहींनी टाळावे.

हे काही नवे खूळ नव्हे. इराणात सिरका व मधाचे ‘सिकंजबीन’ शतकानुशतके पितात. अरबीत ‘पिणे’ या अर्थाचा जो धातू आहे, त्यापासूनच सरबत आणि शराब हे दोन्ही शब्द आले. एकाच फळातून दोन्ही वाटा फुटतात. आपल्या घराने कोणती धरायची, ते आपल्या हाती.

बचत गटाला हे विकायचे असेल, तर आधी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी. तोवर एकच बरणी घालून पाहा, आणि पुतण्यालाच गाळायला बसवा.