अमेरिकेतील असंतोष आणि मीरा रोडचा मोर्चा

४ जुलै २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी करसवलतींच्या एका प्रचंड कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानंतर चारच दिवसांनी, ८ जुलैला, मीरा रोड येथे मराठीच्या प्रश्नावर मोर्चा निघाला. पहिल्या घटनेची चर्चा अर्थकारण म्हणून झाली, दुसरीची अस्मिता म्हणून. वस्तुतः या दोन्ही घटना एकाच दुखण्याच्या आहेत आणि समाजवादी कार्यकर्त्याने त्या शेजारी शेजारी ठेवूनच वाचल्या पाहिजेत.

अमेरिकेतील कायदा प्रथम पाहण्याजोगा आहे. तेथील संसदेच्याच अर्थसंकल्पीय कार्यालयाने मांडलेल्या हिशेबाप्रमाणे या कायद्यामुळे तळाच्या दहा टक्के कुटुंबांचे वर्षाला सरासरी सुमारे १,२०० डॉलरचे नुकसान होईल, तर वरच्या दहा टक्क्यांच्या पदरात सुमारे १३,६०० डॉलर पडतील. गरिबांच्या वैद्यकीय साहाय्यात कपात झाल्याने २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोक आरोग्यविम्याला मुकतील. आणि याच कायद्यात सीमेवरील भिंत, स्थलांतरितांची धरपकड व त्यांच्यासाठीच्या कोठड्या यांकरिता सुमारे १७० अब्ज डॉलरची तरतूद आहे. गरिबाचे औषध काढून घ्यायचे आणि तो ओरडू लागला की त्याला त्याचा शेजारी दाखवायचा, असा हा सरळ व्यवहार आहे.

ट्रम्प यांना मत देणारा अमेरिकन कामगार अडाणी आहे असे म्हणून हात झटकणे सोपे असते. आपल्याकडील सुशिक्षितांत तशी रीतच पडली आहे. परंतु त्या कामगाराचा राग खरा आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक विमानवाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले, तेव्हापासून तेथील कामगार संघटनांचा कणा मोडत गेला. पण दोष एकट्या रेगन यांच्या पक्षाचा नाही. मेक्सिको व कॅनडाशी झालेला मुक्त व्यापाराचा करार १९९४ पासून अमलात आला आणि २००० साली चीनला व्यापारात कायमचा समान दर्जा मिळाला. या दोहोंच्या कायद्यांवर सही केली ती कामगारांचा म्हणवणाऱ्या डेमॉक्रॅटिक पक्षाच्या बिल क्लिंटन यांनी. पुढल्या दहा वर्षांत कारखान्यांतील पंचावन्न लाखांहून अधिक नोकऱ्या नाहीशा झाल्या. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर थिजले आहे. भाकरीचा प्रश्न ज्यांनी लावून धरायचा त्यांनीच तो खाली ठेवला, आणि रस्त्यावर पडलेला तो असंतोष दुसऱ्याने उचलला.

रेगन यांच्या त्या हुकुमाला सहा महिने होण्याच्या आतच, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही आणि जिंकलाही गेला नाही. गिरण्यांचे भोंगे बंद झाले आणि त्यांच्या जमिनींना भाव आला. १९९१ च्या नियमाप्रमाणे त्या जमिनींचा मोठा हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि सार्वजनिक गृहनिर्माणासाठी मिळायचा होता. २००१ मध्ये शासनाने नियमाचा अर्थच असा फिरवला की वाटणी केवळ रिकाम्या तुकड्यांपुरती उरली. लालबाग-परळच्या खोल्यांतून उठलेली कितीतरी कुटुंबे मग दहिसरच्या नाक्यापलीकडे गेली. १९८५ साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली. १९९१ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती, २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. मिठागरे आणि भातशेतीच्या भूमीवर वीस वर्षांत साडेचार पटींहून मोठे शहर उभे राहिले.

या शहरात केवळ गिरणगावचा माणूस आला नाही. मुंबईत भाडे न परवडणारा गुजराती व राजस्थानी छोटा व्यापारी आला, भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत राबायला उत्तर भारतीय मजूर आला, १९९२-९३ च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून मुसलमान कुटुंबे नया नगरात आली. मुंबईच्या जमिनीच्या भावाने ज्यांना बाहेर लोटले अशा सर्वांचे हे शहर आहे. (जे खरोखर येथले, ते आगरी, कोळी आणि उत्तनचे ख्रिस्ती, त्यांच्या धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा जातो. भूमिपुत्रांच्या कैवाऱ्यांच्या भाषणांत धावगी क्वचितच येते.)

जून २०२५ च्या अखेरीस याच शहरात मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून मोर्चा काढला, त्याला उत्तर म्हणून ८ जुलैचा मोर्चा ठरला. पोलिसांनी पहाटेपूर्वीच कार्यकर्ते ताब्यात घेतले, तरी लोक जमले. व्यापाऱ्यांना मोकळीक आणि मराठी माणसाला अटकाव, हा संताप न्याय्य होता. महाराष्ट्रात मराठीचा मान मागणे यात गैर काही नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी होते, हे समाजवाद्यांनी विसरू नये. पण एक तपशील ध्यानात घेतला पाहिजे. पहिलीपासून हिंदी लादण्याचे निर्णय १६ एप्रिल आणि १७ जून रोजी काढले ते राज्य शासनाने. लोकांच्या रेट्यापुढे २९ जूनला ते मागे घेतले तेही शासनानेच. थप्पड मात्र बसली दुकानदाराला. एस. एम. यांच्या चळवळीचा रोख दिल्ली आणि मुंबईतील सत्तेवर होता, गल्लीतल्या वाण्यावर नव्हता.

मीरा रोडचे नाव अमेरिकेत यापूर्वीही एकदा गाजले होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी येथील कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. अमेरिकन करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील सामान्य नागरिकांना अटकेची भीती घालायची आणि पैसे उकळायचे, असा तो धंदा होता. गुन्हा तो गुन्हाच. पण इकडे शिकूनही धड नोकरी न मिळालेला तरुण आणि तिकडे सरकारचे नाव ऐकताच धास्तावणारा माणूस, अशी दोन देशांची दैना त्या दूरध्वनीच्या तारेवर समोरासमोर आली होती. पुढल्याच महिन्यात ट्रम्प प्रथम निवडून आले.

दहिसरपलीकडे जो यजमान असतो तो न्यू जर्सीत परप्रांतीयच ठरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले. सप्टेंबरात तेथील नव्या एच-वन-बी परवान्यांवर एक लाख डॉलर शुल्क बसले, तेव्हा पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाला भूमिपुत्रवादाची दुसरी बाजू दिसली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदी लोकशाही समाजवादी झोहरान ममदानी निवडून आले. घरभाडे गोठवणे, मोफत बस आणि मुलांचे संगोपन या तीन गोष्टींवर त्यांनी निवडणूक लढवली. या विजयाने हुरळून जाण्याचे कारण नाही. एक शहर म्हणजे देश नव्हे आणि तेथील महापौराच्या तिजोरीची किल्ली बरीचशी राज्य सरकारच्या हाती असते. तरीही स्थलांतरितांविरुद्ध हवा तापलेली असताना एका स्थलांतरिताने भाड्याच्या प्रश्नावर बहुमत मिळवले, ही वस्तुस्थिती आहे.

मीरा-भाईंदरच्या कार्यकर्त्याला त्यासाठी न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. गोरेगाव तेथून चार-पाच स्थानकांवर आहे. मृणालताई गोरे यांनी पाण्यासाठी हंडे घेऊन मोर्चे काढले तेव्हा त्या मोर्च्यातल्या बाईला तिची मातृभाषा कोणी विचारली नव्हती. आज मीरा-भाईंदरमध्ये पाण्याचा प्रश्न आहेच. ऑगस्ट २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तेथे निवडलेला एकही नगरसेवक नव्हता, सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे जुलैच्या त्या मोर्च्याच्या वेळी नळ कोरडा का, हे विचारायला शहराला सभागृहच नव्हते. त्याबद्दल किती मोर्चे निघाले?

सूर्या योजनेत शहराच्या वाट्याला दररोज २१.८ कोटी लिटर पाणी ठरले आहे. ते पाणी धामणी धरणाचे, आणि ते धरण बांधले डहाणू-पालघरच्या आदिवासींची शेती भिजावी म्हणून. तेव्हा मीरा रोडला पाण्याचा मोर्चा काढणाऱ्याला, त्या शेतकऱ्यांशी बोलण्यासाठी, आधी विक्रमगड-डहाणूची वाट धरावी लागेल.