अठ्ठ्याऐंशी, बारा आणि शून्य

दोन राज्यांचे मुख्यमंत्री हसऱ्या चेहऱ्यानं एका करारावर सह्या करतात, तेव्हा मला धडकी भरते. ते भांडत असतात तोवर निदान गावं जागच्या जागी राहतात. दोघांचं जमलं की समजायचं, आता कुणाची तरी बुडायची पाळी आली.

मी लोहाऱ्याचा. यवतमाळच्या पठारावरचा पाऊस एका उतारानं बेंबळेतून वर्धेत जातो, दुसऱ्या उतारानं वाघाडी, अरुणावतीतून पैनगंगेत. पुढे पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला, दोघींची प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. आमचं पाणी कुठूनही निघालं तरी तेलंगणाच्या दारावरूनच जाणार. त्यामुळे शेजाऱ्याशी वैर धरण्याची चैन मला परवडत नाही, आणि माझं वैर नाहीही. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि यवतमाळकर टँकरमागे धावले, त्यात हैदराबादचा काय दोष होता?

माझं भांडण सहकार्याच्या नावाखाली चालणाऱ्या हिशेबाशी आहे. १९७५च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला, पुढे बच्छावत लवादानं १९८०च्या गोदावरी निवाड्यात तो सामावून घेतला. निम्न पैनगंगा धरण त्याच करारातलं. पाणी महाराष्ट्राला ८८ टक्के, आंध्राला, म्हणजे आता तेलंगणाला, १२ टक्के. खर्चही त्याच प्रमाणात. किती नीटनेटकं! फक्त धरण ताडसावळीजवळ, जिथं नदीचे दोन्ही काठ महाराष्ट्राचे. बुडणार ९५ गावं, यवतमाळची आणि नांदेडची. कसदार काळी जमीन, त्यात गोंड-कोलामांच्या वस्त्या. पाण्याचे टक्के ठरले, खर्चाचे ठरले, बुडण्याचे टक्के कुणी मांडलेच नाहीत. ज्यांचं सगळं जाणार, त्यांच्या वाट्याला त्या धरणातलं पाणी किती? शून्य.

तेलंगणाला १२ टक्के जास्त झाले असं मी म्हणत नाही. आदिलाबादचा कापूसवाला आमच्याच जातकुळीचा, तोही पावसाच्याच भरवशावर. पण १९९७मध्ये मान्यता मिळाली तेव्हा सुमारे १४०० कोटींचा असलेला प्रकल्प २००९पर्यंत १० हजार कोटींच्या पुढे गेला, आणि तोवर धरणाची भिंत कुणाला दिसली नव्हती. धरणविरोधी संघर्ष समितीच्या लोकांची एक पिढी मोर्चे काढण्यात म्हातारी झाली. त्या गावांत पोरांची लग्नं अडली, घरं बांधायची राहिली. उद्या बुडणाऱ्या गावात नवी भिंत कोण घालणार?

आपल्या देशात सहकार्यासाठी कायदा नाही असंही नाही. १९५६ या एकाच वर्षी संसदेनं दोन कायदे केले. एक नदी मंडळांचा, राज्यांनी एकत्र बसून नदी सांभाळावी म्हणून. दुसरा पाणीतंट्यांचा. पहिल्याखाली एकही मंडळ धडपणे उभं राहिलं नाही. दुसऱ्याखाली लवादांवर लवाद बसले आणि वकिलांची घरं भरली.

बाभळीचंच घ्या. गोदावरीवरचा, धर्माबादजवळचा २.७४ टीएमसीचा बंधारा. २०१०मध्ये तो बघायला म्हणून आंध्राचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आले, अटक झाली, दोन्हीकडचे पुढारी आठवडाभर सिंह झाले. २८ फेब्रुवारी २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. पावसाळाभर नदी वाहते तेव्हा दारं सताड उघडी, आणि नदी रोडावली की ती लावायची! दरवर्षी दोन्ही राज्यांचे अभियंते आणि केंद्राचा माणूस समोर उभे राहून हा सोहळा पार पाडतात. निकाल कायद्याला धरून असेलही. पण पाऊस कुठल्या साली कसा पडला, याच्याशी त्या तारखांना देणंघेणं नाही.

आणि जिथं खरंच जमलं, तिथं काय झालं? २३ ऑगस्ट २०१६ला मुंबईत आपले मुख्यमंत्री फडणवीस आणि तेलंगणाचे मुख्यमंत्री केसीआर यांनी गोदावरीवरचा मेडीगड्डा, प्राणहितेवरचा तुमडीहेटी आणि आमच्या पैनगंगेवरचा चनाखा-कोरटा या बंधाऱ्यांच्या करारावर सह्या केल्या. तुमडीहेटीची उंची मीटर-मीटरनं ताणून १४८वर आणली, यात शौर्य होतं म्हणे. २०१९च्या जूनमध्ये मेडीगड्ड्याचं उद्घाटन झालं, आपले मुख्यमंत्री पाहुणे म्हणून हजर. फुगवट्याचं पाणी सिरोंच्याच्या शेतांत शिरलं आणि शेतकरी मोबदल्यासाठी उपोषणाला बसले. २०२३च्या ऑक्टोबरात त्याच बंधाऱ्याचे खांब खचले. चौकशी झाली ती तेलंगणाचा पैसा कुठं गेला याची. सिरोंच्याची जमीन कुठं गेली, हे विचारायला कुठला आयोग आला?

परदेशातही हेच. आफ्रिकेतल्या सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२पासून सामायिक संस्था चालवली, मनंताली धरणाची मालकीही तिघांची. आमचे जलतज्ज्ञ ते उदाहरण परिषदांमधून हमखास देतात. त्या धरणानं पूर थांबला आणि पुराच्या ओलीवर पेरणारे काठचे शेतकरी उघडे पडले, हे मात्र त्यांच्या भाषणात कधी येत नाही.

घरातलं सहकार्यही बघून घ्या. पैनगंगेवरचं इसापूरचं धरण पूर्ण आपलं, दुसरं राज्य मध्ये नाही. तरी उन्हाळ्यात उमरखेड, महागाव, आर्णीच्या काठावरची माणसं नदीत पाणी सोडा म्हणून निवेदनं घेऊन फिरतात. शेजाऱ्याला १२ टक्के मोजून देऊ करणाऱ्या सरकारला स्वतःच्या नदीत पिण्यापुरती धार सोडायला तहसीलवर मोर्चा लागतो.

म्हणून माझ्या मागण्या एवढ्याच. दोन राज्यांच्या पाण्यावरच्या बैठकीत काठच्या ग्रामसभांची माणसं बसवा, मत देण्याच्या अधिकारासह. इसापुरातून रोज किती पाणी सुटलं ते मराठीत आणि तेलुगूत चावडीवर लावा. बुडणाऱ्याला जमीन आणि पाणी आधी द्या, भिंत नंतर घाला. आणि पुढची बैठक मुंबई-हैदराबादेत नको, मे महिन्यात पैनगंगेच्या पात्रात घ्या. खुर्च्या टाकायला तेव्हा तिथं भरपूर जागा असते.