भगताचे दार आणि उपकेंद्राचे कुलूप



दीक्षा घेताच आपण देव्हारे उठविले, नवस-सायास टाकले. परंतु मध्यरात्री लेकरू तापाने फणफणते, शेतात सर्पदंश होतो, तेव्हा मुरबाड-शहापूरच्या वाड्यांतील काही पावले पुन्हा भगताकडे वळतात. यास केवळ अज्ञान म्हणून हिणविणे अन्यायाचे होय. भगत हाकेच्या अंतरावर असतो, डॉक्टर नसतो!

आजारपणातील विधी अल्पफळाचे आहेत, असे सम्राट अशोकाने नवव्या शिलालेखात बजाविले. त्या लेखाचा तुकडा १९५६ साली, आपल्या धर्मांतराच्याच वर्षी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात सोपाऱ्याजवळ भुईगावास सापडला. परंतु दुसऱ्या शिलालेखात त्याच सम्राटाने माणसांच्या व जनावरांच्या चिकित्सेची सोय केल्याचे नमूद आहे. जे राज्य अंगारा टाकावयास सांगते, त्याने औषध दिले पाहिजे.

आजचे राज्य काय करते? साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले. योग्यच झाले. परंतु डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारचाच दंडक आहे. जेथे तो कागदावरच राहतो, तेथे भगत तेवढा दोषी आणि सरकार निर्दोष कसे?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या ५०० खाटांच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. त्यांत कल्याण-शहापूरचेही होते. काही रुग्ण अत्यवस्थ स्थितीत आले, असे सांगण्यात आले. मग आजार अत्यवस्थ होईतो गावात त्याची दखल कोणी घ्यावयाची होती?

दानशूरांची शिबिरे आहेत, असे कोणी म्हणेल. शिबीर हा उपकार आहे. आपणांस हक्क हवा. संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्याची सुधारणा हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. तातडीचा उपचार न देणे हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला आहे.

तेव्हा विहारात वंदना झाली की विचारा: आपले उपकेंद्र उघडे असते काय? सर्पदंशावरील लस जवळच्या केंद्रात आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर शेजारच्या कातकरी-ठाकूर वाडीस बरोबर घेऊन ग्रामसभेत ठराव करा. तथागतांनी आजारी भिक्षूस स्वहस्ते धुतले होते. त्यांच्या अनुयायांस कुलूपबंद उपकेंद्राकडे पाठ फिरविता येणार नाही!