मुठीत हवा

गेल्या दिवाळीत भाच्याने माझ्या डोळ्यांवर तो आभासी चष्मा चढवला आणि म्हणाला, "मामा, चाके खाली सोडा!" समोर वैमानिकाची खोली हुबेहूब. मी दांडा धरायला गेलो, तो मुठीत नुसती हवा! हातातल्या यंत्राचा किरण दांड्यावर रोखून बटण दाबायचे, की झाले. याला म्हणे विमान चालवायला शिकणे!

मला हे साफ नामंजूर आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक विमान उतरल्यावर फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत. दोन्ही खटके सारखे, शेजारीशेजारी. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने एकाला चाकाची मूठ दिली, दुसऱ्याला पाचरीची. न पाहता हाताला कळावे म्हणून. या शहाणपणावर चष्मा बोळा फिरवतो.

आमच्या सोलापुरात हे सांगावे लागावे? मागावरचा विणकर तुटलेला धागा बोटांनीच सांधतो. तरी इथलेच शहाणे मला सुचवतात, "गुरुजी, शाळेतली कार्यशाळा मोडा, चष्मे घ्या!"

गरिबाच्या पोराला कोणता खटका कुठे, एवढे तरी चष्मा शिकवील, हे कबूल. पण २०२१ साली युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने अशा चष्म्याच्या पहिल्या शिक्षणयंत्राला मान्यता दिली, ते हेलिकॉप्टरचे होते आणि त्यातले दांडे खरे होते!

२०२५ साली होटगी रस्त्यावरून गोव्याचे विमान उडू लागले, तेव्हा माझ्या वर्गातली पोरे माना वर करून पाहत राहिली. वाचकहो, त्यांना चष्मा जरूर द्या. पण आधी मुठीत दांडा द्या.