यान नावाचा शब्द आणि यान नावाची वस्तू

पदव्युत्तर वर्गात विज्ञानकथा हा साहित्यप्रकार शिकवताना आम्ही एकदा एक साधा प्रयोग केला. नेमलेली कथा वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना कोरे कागद दिले आणि सांगितले, या कथेतील अंतराळयानाचे चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी हरकत नाही. मात्र मजकुरात जे आहे तेवढेच काढायचे. दहा मिनिटांनी पाहतो तो बहुतेक कागदांवर दिवाळीतल्या रॉकेटसारखे काहीतरी होते, काही कागद कोरेच होते. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यात माणसं झोपतात कुठे?" आम्ही पुन्हा पुस्तक उघडले. यान निघाले होते, पोहोचले होते, एकदा बिघडलेही होते. परंतु ते कसे होते याविषयी लेखकाने चकार शब्द काढलेला नव्हता. आणि आम्हीही इतकी वर्षे ती कथा शिकवताना हा प्रश्न स्वतःला विचारलेला नव्हता. प्रस्तुत टिपण त्या संकोचातून लिहीत आहोत.

आमच्या पिढीने पाहिलेले पहिले 'राहते' अंतराळयान मराठी नव्हते. 1980 च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका लागत असे. डोंबिवलीच्या चाळीत ज्यांच्याकडे दूरचित्रवाणी संच होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडे. त्यातील इंग्रजी आम्हांला फारसे कळत नव्हते. 'एंटरप्राइझ' नावाचे ते यान मात्र नीट कळत होते. पुढे एक चपटी, गोल तबकडी. तिच्याखाली एक जाडसर नळकांडे. आणि मागे, दोन खांबांवर उचलून धरलेली लांबट इंजिने. कुठल्याही मुलाने ते वहीच्या मागच्या पानावर चार रेघांत काढावे. 1998 साली आलेल्या 'कॅप्टन व्योम'पर्यंत आम्ही कॉलेजात पोहोचलो होतो. लहानपणी मनात ठसलेली ती आकृती मात्र पुसली गेली नाही.

या आकृतीचा इतिहास पुढे वाचनात आला, तेव्हा तिच्या ठसण्याचे कारण उमगले. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी कलादिग्दर्शक मॅट जेफरीज यांना यान कसे हवे यापेक्षा कसे नको हेच अधिक सांगितले होते. पंख नकोत, कल्ले नकोत, मागून निघणारा धूर आणि ज्वाळा नकोत. आणि तरीही ते सामर्थ्यशाली दिसले पाहिजे. जेफरीज हे स्वतः वैमानिक, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर काम केलेले. त्यांनी बक रॉजर्स, फ्लॅश गॉर्डन अशा जुन्या मालिकांतील यानांची चित्रे जमवली, ती 'हे करायचे नाही' म्हणून. मग एखाद्या तंत्रज्ञाने विचारावेत तसे प्रश्न त्यांनी विचारले. एवढ्या प्रचंड शक्तीची इंजिने माणसांच्या शेजारी ठेवणे धोक्याचे. म्हणून ती दूर, खांबांवर गेली. बिघडणारी यंत्रे बाहेर असतील तर दुरुस्तीला जाणाऱ्याचा जीव धोक्यात येईल. म्हणून ती आत गेली आणि बाहेरचे कवच गुळगुळीत राहिले. माणसांच्या वस्तीचा भाग प्रथम चेंडूसारखा गोल होता, तो बोजड दिसतो म्हणून चपटा होत होत तबकडी झाला.

उरलेले काम पैशाच्या टंचाईने केले. दर आठवड्याला इतके अवजड यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणे मालिकेला परवडणारे नव्हते. म्हणून यान कक्षेतच राहील आणि माणसे 'ट्रान्सपोर्टर'च्या किरणांतून विरघळून खाली प्रकट होतील, अशी तोड निघाली. पुढे जिच्यावर कितीतरी कथानके बेतली गेली ती कल्पना जमाखर्चाच्या वहीतून जन्मली. चित्रीकरणासाठी बांधलेली मोठी प्रतिकृती सुमारे 11 फूट लांब होती. दिव्यांच्या तारा तिच्या डाव्या अंगाने बाहेर काढाव्या लागल्या, म्हणून ती उजवीकडूनच चित्रित होत असे. 1966 च्या सप्टेंबरमध्ये मालिका सुरू झाली, 1969 मध्ये संपली. 1974 मध्ये ही प्रतिकृती स्मिथसोनियन संस्थेकडे आली आणि 2016 मध्ये जीर्णोद्धार होऊन तेथील विमानविद्या संग्रहालयात खऱ्या विमानांच्या पंगतीला मांडली गेली.

कथेतील या यानाची लांबी 947 फूट, म्हणजे सुमारे 289 मीटर सांगितली जाते. आमच्या वाचकांसाठी सांगायचे तर, कल्याणहून सुटणाऱ्या बारा डब्यांच्या लोकलपेक्षा ते थोडे लांब आणि पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षा थोडे आखूड. त्यात माणसे मात्र 430. गर्दीच्या वेळी तेवढी आमच्या लोकलच्या एक-दोन डब्यांतच मावतात! हे सांगितल्यावर वर्गात हशा पिकला. पण त्या हशानंतर प्रथमच मुलांना ते यान 'जागा' म्हणून दिसू लागले. कोण कुठे राहत असेल, कोणाला एकांत मिळत असेल, भांडण झाल्यावर माणूस कुठे जाऊन बसत असेल, असे प्रश्न सुरू झाले. हे प्रश्न वाङ्मयाचेच आहेत.

आमचे म्हणणे एवढेच, की काल्पनिक वस्तू विश्वसनीय होते ती तिच्यावरील बंधनांमुळे. काय जमणार नाही, काय परवडणार नाही, काय धोक्याचे आहे, हे ज्याने विचारले त्याच्या कल्पनेला आकार येतो. मराठी विज्ञानकथेत यान बहुधा शब्दच राहते, आणि आमची समीक्षा त्याबद्दल तिला कधी जाब विचारत नाही. आम्ही 'वैज्ञानिक आशय' आणि 'मानवी मूल्ये' असे दोन रकाने आखतो, गुण देतो आणि पुढे जातो.

यावर एक सबळ आक्षेप येईल. 1974 साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तिला पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला नवे वळण लागले. या धारेत कथेचा कणा वैज्ञानिक कल्पना हाच होता. वाचकाला कृष्णविवर समजावे हा हेतू असताना यानातील बिछान्यांचे वर्णन कशाला? आक्षेप रास्त आहे. 2025 मध्ये नारळीकर गेले, तेव्हा आमच्यासारख्या कलाशाखेच्या कितीजणांना विश्वाचे कुतूहल त्यांनीच लावले हे पुन्हा जाणवले. त्यांच्याकडून जे मिळाले त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्यांनी तीच काटकसर संकेत म्हणून पुढे चालवली याची. एका लेखकाची निवड ही प्रकाराची मर्यादा होऊ नये.

मराठीला हे जमत नाही असेही नाही. अनंत सामंतांच्या 'एम. टी. आयवा मारू'मध्ये जुने, थकलेले तेलवाहू जहाज हेच एक पात्र आहे. त्याच्या पोलादाचा ताण तेथील माणसांच्या स्वभावात उतरतो. मग पाण्यावरच्या जहाजाला जे मिळाले ते आकाशातल्या यानाला का नाकारावे?

आणि आम्ही तर कल्याणच्या खाडीकाठची माणसे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्यावर याच परिसरात मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधली जाऊ लागली. गलबत उथळ का, तर त्याला खाडीत शिरता आले पाहिजे. त्याला शिडाबरोबर वल्हीही का, तर वारा पडला म्हणून अडून चालणार नाही. प्रश्न जेफरीजच्याच जातीचे. नाळ, सुकाणू, डोलकाठी, शीड हे शब्द आमच्या भाषेत तेव्हापासून राबते आहेत. यानाच्या अंगोपांगांसाठी असे राबते शब्द अजून घडलेले नाहीत, कारण कथेत कोणी त्या यानाच्या आत फारसे वावरलेलेच नाही.

म्हणून आम्ही आता विज्ञानकथेच्या तासाला प्रश्नपत्रिकेबाहेरचा एक प्रश्न ठेवतो: या कथेतील यानात पाणी कुठे साठवतात? उत्तर मजकुरात सापडले नाही तर विद्यार्थ्याने ते रचावे, आणि त्या उत्तराने कथेत काय बदलते ते लिहावे. पहिल्या वर्षी आलेल्या उत्तरांपैकी एकात यानातील पाणी दिवसाआड सोडले जात होते आणि कप्तान बादली घेऊन रांगेत उभा होता. ती विद्यार्थिनी दिव्याहून येते. तिचे यान आम्हांला स्पष्ट दिसले.