नफ्याच्या हिशेबात न बसणारे संशोधन

पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगावर ॲबिराटेरोन हे प्रभावी औषध उपाशीपोटी रोज १००० मिलिग्रॅम घ्यावे, असा रूढ दंडक आहे. परंतु शिकागोच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ७२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे आढळले की, हलक्या न्याहारीबरोबर घेतलेली २५० मिलिग्रॅमची मात्रा, निदान रक्तातील पीएसए या प्रथिनाच्या उताराच्या कसोटीवर तरी, पूर्ण मात्रेहून उणी पडत नाही. औषधाचा खर्च चतुर्थांशावर आणू शकेल असा हा निष्कर्ष. मात्र आयुर्मानाच्या दृष्टीने त्याची खातरी पटवायची, तर याहून कितीतरी मोठी आणि दीर्घ मुदतीची चाचणी हवी, आणि आपलाच खप घटवणाऱ्या चाचणीवर कोणती कंपनी रक्कम खर्च करील? तिला दोष देण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणी दात्यानेच पुढे यावयाचे असते.

ब्रिटनमध्ये नेमके तसे घडले आहे. याच कर्करोगावरील महागड्या इंजेक्शनांऐवजी इस्ट्रोजेन या जुन्या संप्रेरकाच्या त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या चालतील काय, याचा २००६ पासून चाललेला शोध लोकवर्गणीवर उभ्या असलेल्या ‘कॅन्सर रिसर्च यूके’ या संस्थेच्या पाठबळामुळे तडीस गेला.

मुंबईलाही ही दृष्टी परकी नव्हती. दोराबजी टाटांनी १९३२ साली पत्नीच्या स्मरणार्थ न्यास स्थापला तो रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी, आणि त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या न्यासाने १९४१ साली परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभारले. पुढे मात्र आपले औदार्य बहुधा इमारती, खाटा आणि रुग्णवाहिका यांतच रमले. ते दान थोरच, यात शंका नाही. परंतु संख्याशास्त्रज्ञाचे वेतन, रक्ताच्या नमुन्यांची वर्षानुवर्षे निगा, किंवा विदर्भातील आपल्या खेड्यात परतलेल्या वृद्ध रुग्णाला तपासणीसाठी पुन्हा मुंबईला येण्याचे भाडे, यांवर कोणाची कोनशिला बसत नाही, आणि म्हणून त्यांची तरतूदही होत नाही. वस्तुतः चाचण्या रखडतात त्या अशाच खर्चापायी.

२०१३ च्या कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यासाठी खर्च करावे लागतात. त्यांच्या संचालकांना आणि आपल्या धर्मादाय न्यासांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की, त्यांनी स्वस्त उपचारांच्या एका तरी चाचणीचा भार उचलावा, आणि तो एका वर्षापुरता नव्हे, तर तिचा निकाल हाती येईपर्यंत.